समुद्रकाठी गोल्फ खेळायला जायचंय, कोर्स कसा निवडावा?

दुसरे_रेल्वेगेट | सोमवार, रात्री ९.२०

नमस्कार मंडळी,

जानेवारीच्या शेवटी आम्ही सहाजण आठवडाभर समुद्रकाठी जायचं म्हणतोय. त्यातले चौघे खेळणारे. मी (हँडिकॅप १९, म्हणजे कोर्सच्या ठरलेल्या आकड्यापेक्षा साधारण तेवढे फटके जास्त लागतात), माझा बँकेतला जुना सहकारी (२४), त्याची बायको (शिकायला लागून दोन वर्षं झाली, हँडिकॅप अजून काढलेला नाही) आणि माझे दाजी. दाजी रेल्वेत गार्ड होते, हुबळी विभागातूनच निवृत्त झाले. वय ७१, उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. बॉल लांब जात नाही, पण एकदा ग्रीनपाशी (भोकाभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतापाशी) पोचले की आम्हा तिघांना ऐकत नाहीत. त्यांची एकच इच्छा आहे, समुद्र शेजारी असताना एक राउंड खेळायचा. आम्ही सगळे टिळकवाडीतले. आजवर खेळलो ते घाटमाथ्यावरच.

काणकोण, फुकेत, थायलंडचंच हुआ हिन आणि मॉरिशस अशी चार नावं काढलीत. पण प्रत्येकाच्या जाहिरातीत तोच फोटो: हिरवं गवत, निळं पाणी, एक माड. त्यावरून ठरवायचं कसं? कोर्स निवडताना नेमकं काय बघावं? जाऊन आलेल्यांनी सविस्तर लिहा.

कुंदाप्रेमी | सोमवार, रात्री ९.४१

गोवा. जांबोटीला चहा, चोर्ला उतरलं की पोचलात. विमान नको, पासपोर्ट नको. कुंदा डब्यात, गोल्फची बॅग डिकीत.

निपाणीकर_पुण्यात | सोमवार, रात्री ११.०५

काका, मी थायलंडला तीनदा खेळून आलोय, म्हणून जरा लांब लिहितो.

फुकेत आणि हुआ हिन यांत बराच फरक आहे. फुकेतला नाव मोठं. ब्लू कॅन्यनच्या कॅन्यन कोर्सवर १९९८ साली टायगर वुड्सनं शेवटच्या दिवशी आठ फटक्यांची पिछाडी भरून काढली आणि एर्नी एल्सला प्लेऑफमध्ये हरवलं. तिथं उभं राहिलं की अंगावर काटा येतो, खोटं नाही. रेड माउंटन म्हणजे जुनी कथलाची खाण. लाल माती उघडी पडलेली, आणि एक पार थ्री (तीन फटक्यांत संपवायचं होल) इतक्या उंचावरून खाली मारायचा की बॉल हवेत किती वेळ आहे ते मोजत बसावं. पण लक्षात घ्या, हे दोन्ही कोर्स समुद्रकाठी नाहीत, आतल्या बाजूला आहेत. बेट समुद्रातलं म्हणून कोर्सही किनाऱ्यावर असेल असं आपण धरून चालतो. तिथंच फसगत होते.

हुआ हिन शांत. रॉयल हुआ हिन हा थायलंडच्या सगळ्यात जुन्या कोर्सपैकी एक, १९२४ चा. तो आखला एका स्कॉटिश रेल्वे इंजिनियरनं आणि आजही तो हुआ हिनच्या जुन्या स्टेशनला अगदी लागून आहे (गाड्या २०२३ पासून शेजारच्याच नव्या, उंचावरच्या स्टेशनवर थांबतात). स्टेशनवरून टीवर (पहिला फटका मारायच्या जागेवर) चालत जाता येतं. जमीन चढउताराची, वरच्या होल्सवरून गाव आणि समुद्र दिसतो.

दोन्हीकडे कॅडी (बॅग सांभाळत सोबत फिरणारी मदतनीस) बहुतेक सक्तीचीच आणि प्रत्येकाला स्वतंत्र. बहुतेक बायका असतात, डोक्यापासून बोटांपर्यंत उन्हापासून झाकून घेतलेल्या. त्यांची बक्षिसी वेगळी द्यावी लागते. बुकिंगच्या पैशात ती धरलेली नसते, हे आधीच हिशेबात घ्या. माझी कॅडी ग्रीनवर बसून बॉलवरची रेघ अशी लावून द्यायची की मी फक्त सरळ ढकलायचं. त्या चार दिवसांत मी जितके पट (ग्रीनवरून भोकाकडे ढकलायचे फटके) बुडवले तितके आधीच्या वर्षभरात नसतील बुडवले.

दाजींच्या गुडघ्यासाठी बग्गी मात्र घ्याच.

सुभेदाराची_लेक | मंगळवार, सकाळी ७.१५

माझे बाबा फौजेत होते. त्यांच्या एका पोस्टिंगला राजस्थानात 'ब्राउन'वर खेळताना मी त्यांना बघितलंय: गवत नाहीच, तेल घातलेली वाळू सपाट करून त्यावर पट करायचा. त्यामुळं हिरवं मैदान बघितलं की मला आधी त्यांचीच आठवण येते. मी स्वतः मात्र पंचेचाळिसाव्या वर्षी शिकले, म्हणून तुमच्या मित्राच्या बायकोच्या वतीनं लिहिते. चौघांतल्या तिघांना झेपेल असा कोर्स निवडतात आणि चौथी दिवसभर बॉल शोधत फिरते. हे माझ्या बाबतीत झालंय.

जाहिरातीत 'सात हजार यार्ड' लिहिलेलं असतं ते मागच्या टीवरून. त्याचा आपल्याशी काही संबंध नाही. कोर्सला मेल करून पुढच्या टीवरून एकूण लांबी किती ते विचारा. एक सोपा आडाखा सांगते: आपल्या पाच नंबरच्या आयर्नचं (लोखंडी डोक्याच्या क्लबचं) अंतर गुणिले ३६. तुमचा पाच नंबर १४० यार्ड जात असेल तर साधारण पाच हजार यार्डांचा कोर्स तुमच्या मापाचा. तिचा शंभरच जात असेल तर तिनं ३६०० च्या आसपास खेळावं. तेवढी पुढची टी नसली तर सरळ फेअरवेवर (टी आणि ग्रीनमधल्या कापलेल्या पट्ट्यावर) ग्रीनपासून दीडशे यार्डांच्या खांबापाशी बॉल ठेवून सुरुवात करायची, कुणी रागवत नाही.

दुसरं म्हणजे स्लोप रेटिंग. ५५ ते १५५ अशी ती पट्टी असते, ११३ म्हणजे मध्यम. आकडा जितका मोठा तितकं साध्या खेळाडूला ते मैदान जास्त जड. एकोणीस-चोविसाच्या मंडळींनी सुट्टीत १३५ च्या कोर्सवर जाऊन हौस भागत नाही, बॉल मात्र संपतात.

आणि हो, ताईंना पाण्यावरून मारायचं भय आहे का ते त्यांनाच विचारा. त्यांच्या नवऱ्याला नको.

दुसरे_रेल्वेगेट | मंगळवार, सकाळी ८.०२

सुभेदाराची_लेक, हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. आजच वहिनींना विचारतो. निपाणीकर, स्टेशनला लागून कोर्स आहे हे दाजींना वाचून दाखवलं. चष्मा पुसला आणि म्हणाले, "परत वाच."

हरळीवाला | मंगळवार, दुपारी १.३०

मी खानापूर तालुक्यातला. गेली चौदा वर्षं गोव्यात एका रिसॉर्टच्या मैदानावर गवताचं काम बघतो. जेवणाच्या सुट्टीत लिहायलोय, चुकलं तर सांभाळून घ्या.

तुम्ही सगळे लांबी, नाव, फोटो बघताय. मी म्हणतो, आधी गवत विचारा. गरम प्रदेशात दोनच जाती जास्त. एक बर्म्युडा, म्हणजे आपली हरळी. गणपतीला वाहतो ती दूर्वा, तिच्याच घराण्यातली. आमचे आप्पा जन्मभर शेतातनं हरळी उपटत आले आणि मी तीच लावायचा पगार घेतो. आप्पांना पहिल्यांदा सांगितलं तेव्हा त्यांना पटेचना. दुसरी पास्पालम. ती खारं पाणी सोसते, म्हणून अगदी समुद्राला टेकून असलेल्या नव्या मैदानांवर तीच दिसते. पास्पालमवर बॉल वर छान बसतो, नवशिक्याला मारायला सोपं. पण ग्रीनच्या कडेला दाट असते, चिप करताना (ग्रीनजवळून छोटा फटका मारताना) बॉल पळत नाही, जागीच थांबतो. दाजींसारखा शॉर्ट गेमचा माणूस पहिल्या दोन होलला फसणार. बॉल जमिनीवरनं सोडण्यापेक्षा थोडा उचलून टाकायला सांगा.

आता खरी गोष्ट. ग्रीनना वर्षातनं एकदोनदा भोकं पाडतात, मुळांना हवा लागावी म्हणून. वर वाळू ओढतात. त्यानंतर आठदहा दिवस, कधी पंधरा, पट नीट चालत नाही. बॉल उड्या मारतो. रिसॉर्टवाला हे आपणहून सांगेलच असं नाही. बुकिंगच्या आधी एकच प्रश्न विचारायचा: "ग्रीनचं एरेशन कधी आहे?" तारीख सांगितली तर माणूस जाणकार. "काय? कळलं नाही" म्हणाला तर मैदानाच्या माणसाला फोन द्या म्हणायचं. आम्हाला असे फोन आले की बरं वाटतं.

कुंदाप्रेमी | मंगळवार, दुपारी १.५२

हरळीवाले दादा, आप्पांना शेवटी पटलं का?

हरळीवाला | मंगळवार, दुपारी २.०५

एकदा आणलं त्यांना मैदानावर. चप्पल काढून गवतावर चालले. म्हणाले, "पीक चांगलं आलंय."

मार्कंडेयकाठ | मंगळवार, संध्याकाळी ६.४०

हरळीवाल्यांचं शंभर टक्के खरं. गेल्या वर्षी आम्ही दोन कुटुंबं पूर्वेकडच्या एका बेटावर गेलो होतो (नाव लिहीत नाही). पॅकेजमध्ये 'रोज अमर्याद गोल्फ' लिहिलेलं. पोचलो तर नऊ होल्स बंद आणि उरलेल्या ग्रीनवर वाळूच वाळू. पैसे परत मागितले तर म्हणाले, नियमावलीत 'उपलब्धतेनुसार' लिहिलंय. लिहिलेलं होतंच. आम्हीच वाचलं नव्हतं.

त्यात जाताना विमानात माझ्या ड्रायव्हरचं (सगळ्यात लांब क्लबचं) डोकं दांड्यापासून सुटलं. तेव्हापासून बॅगेत ड्रायव्हरपेक्षा चार बोटं उंच अशी एक काठी उभी ठेवतो. बॅग उलटी आपटली तरी मार काठी खाते. विमान कंपनी खेळाच्या सामानाचे वेगळे पैसे घेते का, वजनात धरते का, हे तिकीट काढतानाच बघा. काउंटरवर जास्त पडतात. आठवड्यात दोनच राउंड खेळणार असाल तर तिथंच भाड्यानं सेट घेणं परवडतं. आपले बूट, ग्लोव्ह आणि पटर एवढं न्यावं.

पिरनवाडीचा_पवन | मंगळवार, रात्री ८.१०

एक तांत्रिक मुद्दा. बेळगावची हवा कोरडी आणि हलकी. समुद्रावरची दमट हवा जड, त्यामुळं बॉल खूप कमी जातो. दोन क्लब जास्त घ्यावे लागतील, म्हणजे नेहमीपेक्षा दोन पायऱ्या लांब जाणारा क्लब.

शहापूरची_बाई | मंगळवार, रात्री ९.२५

पवन, अर्धं बरोबर. मी तीस वर्षं शाळेत पदार्थविज्ञान शिकवलंय, म्हणून राहवत नाही.

बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंच. इथली हवा विरळ असल्यानं बॉलला विरोध कमी होतो आणि तो तीनेक टक्के जास्त जातो. म्हणजे इथं २०० यार्ड जाणारा फटका खाली १९४ च्या आसपास. पण दमट हवा जड असते हा गैरसमज. पाण्याच्या वाफेचा रेणू नायट्रोजन आणि ऑक्सिजनच्या रेणूंपेक्षा हलका (१८ विरुद्ध २८ आणि ३२), म्हणून दमट हवा किंचित हलकीच होते. शिवाय जानेवारीत बेळगावला पहाटे हुडहुडी भरते आणि किनाऱ्यावर उबदार असतं. उबदार हवेत बॉल बरा जातो. सगळं धरून फरक फार तर अर्ध्या क्लबचा.

खरा फरक वाऱ्याचा. ऊन चढलं की जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते, वरची हवा उठते आणि समुद्राकडून वारं आत येतं. अकरानंतर ते जाणवायला लागतं, दुपारी जोरात असतं. सकाळी साडेसहा-सातचा टी टाइम (सुरुवातीची ठरलेली वेळ) मिळाला तर पहिले नऊ होल्स जवळजवळ शांत हवेत होतात. दोन क्लब लागतात ते दुपारी, वाऱ्याविरुद्ध.

पिरनवाडीचा_पवन | मंगळवार, रात्री ९.४०

बाई, मी तुमचाच विद्यार्थी असणार. मान्य!

कणकुंबीची_पायवाट | बुधवार, सकाळी १०.१२

रसभंग करायचा नाही, पण मनात आहे ते लिहिते. मी खेळत नाही. माझं गाव चोर्ल्याच्या वाटेवर, म्हादईच्या खोऱ्यात. कळसा-भांडुराच्या पाण्यावरून दोन राज्यं किती वर्षं भांडतायत ते आम्ही दारात उभं राहून बघतो. लवादाचा निवाडा २०१८ ला आला, तरी प्रश्न मिटलेला नाही. तेरेखोलला गोल्फ प्रकल्प यायचा होता तेव्हा गावातल्या लोकांनी आपल्या जमिनीसाठी विरोध केला. काजूच्या बागा कसणारी माणसं होती ती. गोल्फला जाणाऱ्यांनी कोर्स निवडताना एवढं तरी विचारावं की हे पाणी कुठून येतं आणि ही जमीन आधी कुणाची होती.

हरळीवाला | बुधवार, दुपारी १.२०

अक्का, विचारायलाच पाहिजे. आमच्याकडं हॉटेलचं सांडपाणी शुद्ध करून गवताला देतात. मी स्वतः त्या टाकीवर दोन वर्षं होतो. सगळीकडं तसं असेल असं मी म्हणणार नाही. बोअरचं पाणी ओढणारी मैदानं पण असतात. विचारलं तर कळतं. आणि गावातली पोरं कामावर आहेत की बाहेरनं आणलेली, ते मैदानावर पाच मिनिटं उभं राहिलं तरी दिसतं.

कणकुंबीची_पायवाट | बुधवार, दुपारी ३.००

दादा, सरळ उत्तर दिलंत, बरं वाटलं. आणखी एक: काणकोणच्या बाजूला गालजीबाग आणि आगोंदला थंडीत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. तिकडं मुक्काम असेल तर रात्री किनाऱ्यावर टॉर्च आणि मोठा उजेड नको, एवढं सगळ्यांना सांगा.

दुसरे_रेल्वेगेट | बुधवार, दुपारी ३.४५

नक्की सांगतो. पाण्याचा प्रश्नही यादीत घेतला.

कॅम्पातली_चिंच | बुधवार, रात्री ८.३०

बेळगावचा गोल्फ म्हटला की मला बिबट्याच आठवतो. २०२२ चा ऑगस्ट. जाधवनगरात दिसला आणि मग गोल्फ मैदानाच्या झाडीत जाऊन बसला. आसपासच्या शाळा बंद. शिवमोग्याजवळच्या सक्रेबैलू छावणीतून हत्ती आणले होते शोधायला. माझी नात रोज सकाळी उठून विचारायची, "आजी, सापडला का? आज शाळा आहे का?" शेवटी तो कुणाच्या हाती लागलाच नाही.

निपाणीकर_पुण्यात | बुधवार, रात्री ८.४४

एवढं मोठं मैदान आणि एकही टी टाइम न घेता महिनाभर मुक्काम!

चिकोडी_एक्सप्रेस | बुधवार, रात्री ११.३०

मॉरिशसबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून मी लिहितो. कामानिमित्त तिथं तीन वर्षं होतो.

इल ओ सर्फ म्हणजे पूर्व किनाऱ्यालगतचं एक छोटं बेट. बोटीनं जायचं. २००३ साली बर्नहार्ड लँगरनं तिथं १८ होल्सचा कोर्स आखला. खारफुटी, काळे ज्वालामुखी खडक, तळी, आणि मध्येमध्ये हिरव्या पट्ट्या. फोटोत जे दिसतं ते खरंच आहे. पण टीवरून फटका मारला की तो दुसऱ्या पट्टीवर पोचलाच पाहिजे, मधे काही नाही. पहिल्यांदा गेलो तेव्हा माझे अकरा बॉल गेले. सुभेदाराची_लेक म्हणतात तो स्लोपचा मुद्दा इथं शंभर टक्के लागू. नैऋत्येला बेल ऑम्ब्रला हेरिटेजचा ल शातो कोर्स बराच दयाळू, रुंद आणि मोकळा. तुमच्या चौघांसाठी तो. वाकोआचा जिमखानाही आहे, १८४४ चा, इंग्रजांच्या वेळचा. समुद्रापासून लांब, उंचावरच्या थंड भागात.

आता मुद्द्याचं. जानेवारी तिकडं भर उन्हाळा आणि चक्रीवादळांचे दिवस. जानेवारी ते मार्च मी तरी सुचवणार नाही. मे ते ऑक्टोबर हवा सुंदर, फक्त आग्नेयेकडून वारा.

एक गोष्ट गोल्फच्या पलीकडची. तिथं पहिल्या वर्षी ऑगस्ट संपताना मी एका रविवारी राउंड संपवून बाहेर आलो. क्लबच्या फाटकावरचा माणूस माझं आडनाव वाचून म्हणाला, "तू मराठी?" मग म्हणाला, "आम्ही पण." त्याचे पूर्वज ऊसमळ्यांवर कामाला कोकणातून गेलेले, पाच पिढ्या झाल्या. बोलत होता क्रेओल, पण आरती पाठ. गणेश चतुर्थीला तिथं सरकारी सुट्टी असते. त्या वर्षी त्यांच्या घरी गेलो. ऊस तोडायला गेलेल्या माणसांच्या नातवंडांनी परसात दूर्वा जपून वाढवली होती. हरळीवाल्यांची पोस्ट वाचली आणि ते घर डोळ्यांपुढं आलं.

हरळीवाला | गुरुवार, सकाळी ६.५०

साहेब, सकाळी सकाळी डोळ्यात पाणी आणलंत.

सुभेदाराची_लेक | गुरुवार, सकाळी ९.३०

चिकोडी_एक्सप्रेस, यावर स्वतंत्र धागा काढा. मॉरिशसच्या मराठी घरांबद्दल मला खूप वाचायचंय.

सोळा_आणे | गुरुवार, सकाळी ११.१५

एवढे पैसे परदेशात घालवण्यापेक्षा आपल्याच भागातल्या पोरांना हा खेळ शिकवा. बेळगाव कुणाचं हे ठरेपर्यंत निदान…

व्यवस्थापक | गुरुवार, सकाळी ११.४०

सीमाप्रश्नावर स्वतंत्र धागा आहे, ती चर्चा तिथं. पोरांना शिकवण्याचा मुद्दा मात्र इथं चालेल.

सोळा_आणे | गुरुवार, दुपारी १२.०५

ठीक. मग तेच लिहितो. बेंगळुरूचा मुनियप्पा आधी कॅडी होता आणि २००९ ला त्यानं इंडियन ओपन जिंकली. अदिती अशोक टोकियो ऑलिंपिकमध्ये चौथी आली, पदक एका फटक्यानं गेलं. कर्नाटकात खेळ आहे. आपल्या भागातल्या पोरांच्या हातात क्लब येत नाही, एवढंच दुखणं. सुट्टीला जाणाऱ्यांनी जुने क्लब घरात ठेवू नयेत, कुणाला तरी द्यावेत.

दुसरे_रेल्वेगेट | गुरुवार, दुपारी १२.३०

माझ्याकडं जुना अर्धा सेट पडून आहे. निरोप पाठवतो तुम्हाला.

साळनदी | गुरुवार, रात्री १०.००

मी मूळची बेळगावची, लग्नानंतर मडगावात. गोव्याबद्दल स्पष्ट सांगते म्हणजे अपेक्षा नीट राहतील. काणकोणला राजबागच्या किनाऱ्यावरच्या ललित हॉटेलमध्ये नऊ होल्स आहेत. प्रत्येक होलला दोन वेगळ्या टी, म्हणून दोन फेऱ्यांत अठरा होतात. झाडं कमी, वारा मोकळा, जमीन सपाट. मोबोरला साळ नदीच्या मुखाशी आणि बाणावलीला ताज एक्झॉटिकामध्ये छोटे कोर्स आहेत, पार थ्री किंवा पिच अँड पट. तुमच्या वहिनींना ते फार आवडतील, तासदीड तासात उरकतं आणि उरलेला दिवस समुद्र. जाण्याआधी फोन करून कोर्स चालू आहे का ते विचाराच.

मोपाच्या विमानतळावर उतरून काणकोण म्हणजे अख्खा गोवा उभा ओलांडायचा, हेही लक्षात ठेवा. बेळगावहून गाडीनंच या. २०१९ ला काणकोणचा बायपास झाल्यापासून शेवटचा टप्पा सुखाचा आहे, तळपणच्या पुलावरून नदीचं मुख दिसतं.

माझं मत विचाराल तर आधी एक शनिवार-रविवार इथं या. दाजींचा गुडघा किती होल्स मानतो ते कळेल. परदेशातलं बुकिंग त्यानंतर करा.

कुंदाप्रेमी | गुरुवार, रात्री १०.०६

मी पहिल्याच ओळीत हेच म्हणालो होतो!

साळनदी | गुरुवार, रात्री १०.०९

म्हणाला होतात. येताना कुंदा आणा.

दुसरे_रेल्वेगेट | सतरा दिवसांनी, रविवार, रात्री ९.५०

मंडळी, काणकोणला जाऊन आलो. आज दुपारी परतलो, सविस्तर लिहितो.

आधी फोन केला. हरळीवाल्यांचा प्रश्न विचारला, पलीकडच्या माणसानं तारीखच सांगितली. कणकुंबीच्या ताईंचा पाण्याचा प्रश्नही विचारला. ते उत्तर मिळायला दोन फोन लागले, पण मिळालं: शुद्ध केलेलं सांडपाणी आणि वर लागेल तसं विहिरीचं. शनिवारी पहाटे साडेतीनला निघालो.

रविवारी, म्हणजे आज, सकाळी सातला पहिल्या टीवर होतो. हवा अगदी स्तब्ध होती, शहापूरच्या बाई म्हणाल्या तशी. समुद्राची गाज ऐकू येत होती. दाजींनी टी लावली आणि मारायच्या ऐवजी तसेच उभे राहिले. मला वाटलं गुडघा दुखतोय. जवळ गेलो तर म्हणाले, "थांब रे, ऐकतोय."

चार होल्स त्यांनी चालत केले. पाचव्यापासून बग्गी. सहाव्याला ग्रीनच्या कडेला बॉल दाट गवतात बसला. जमिनीवरनं सोडायला गेले, बॉल हातभर जाऊन थांबला. मी मोबाइल काढून हरळीवाल्यांची पोस्ट तिथंच वाचून दाखवली. पुढच्या होलला त्यांनी चेंडू उचलून टाकला आणि तो भोकापासून वीतभर अंतरावर थांबला. कॅडी गावडोंगरीकडचा पोरगा होता. त्यानं न विचारता टाळ्या वाजवल्या.

नऊ होल्सनंतर दाजी म्हणाले, पुरे. गुडघ्याला सूज नव्हती, पण जिना उतरताना हात धरावा लागला. वहिनींनी काल बाणावलीला छोट्या कोर्सवर दोन फेऱ्या मारल्या आणि पाण्यावरून मारायला त्यांना अजिबात भीती वाटत नाही असं निष्पन्न झालं. त्यांच्या नवऱ्याला वाटते.

तर आता ठरलंय ते असं. मॉरिशस जानेवारीत नाही. चिकोडीकरांचं वाचून सगळ्यांचं एकमत आहे की तिकडं गणपतीच्या दिवसांतच जायचं, पुढं कधीतरी. फुकेत सोडलं, कारण आम्हाला ज्या कोर्सचं आकर्षण होतं ते समुद्रकाठी नाहीतच आणि आमच्या मापाचेही नाहीत. जानेवारीत हुआ हिन. आठवड्यात चारच दिवस खेळायचं, रोज सकाळी लवकर. दाजी पहिले नऊ बग्गीतून खेळणार आणि मग आमची वाट बघत स्टेशनच्या प्लॅटफॉर्मवर बसणार. गाड्यांचं वेळापत्रक त्यांनी आजच मागून घेतलं, वहीत उतरवायला. समुद्र शेजारी असतानाचा राउंड काणकोणला झालाच, आता थोडा लांबून दिसला तरी चालेल म्हणाले.

निपाणीकर_पुण्यात | रविवार, रात्री १०.२०

वा काका! दाजींना सांगा, जुन्या स्टेशनवर लाल-पिवळ्या रंगाचं राजाचं जुनं प्रतीक्षागृह आहे लाकडी, ते बघितल्याशिवाय बसू नका. आणि चौघांसाठी कॅडीची बक्षिसी वेगळ्या पाकिटात काढून ठेवा.

सुभेदाराची_लेक | रविवार, रात्री १०.३१

वहिनींना माझा नमस्कार. पुढच्या टीची लांबी विचारलीत ना?

दुसरे_रेल्वेगेट | रविवार, रात्री १०.३८

विचारली. वहिनींनी स्वतःच मेल केला.

हरळीवाला | सोमवार, सकाळी ६.४५

वीतभर म्हणजे जमलं दाजींना. तिकडं पहिल्या दिवशी सरावाच्या ग्रीनवर अर्धा तास काढायला सांगा, गवत कुठलं आहे ते हाताखाली कळतं. बूट काढून एकदा चालून पण बघा म्हणावं.

कुंदाप्रेमी | सोमवार, सकाळी ७.३०

कॅडीताईंसाठी चार डबे मी देतो. कधी निघताय तेवढं सांगा, आदल्या दिवशीचा ताजा आणतो.